एकवीस दिवसांत हाड जुळतं म्हणे!

उंबरठा
गेले दोन दिवस एक पोस्ट फिरतेय. ‘प्लास्टर हा निव्वळ धंदा आहे. कांडवेल ठेचून बांधा, एकवीस दिवसांत हाड जुळतं, एक्सरेसुद्धा लागत नाही.’ खाली नमस्काराच्या हातांची रांग. तिथेच दोन ओळी खरडायला गेले, आवरलं नाही, म्हणून वेगळा धागा.

माझे वडील न्हाणीघरात घसरले. उजवं मनगट. हाडवैदाने ओढून ‘बसवलं’, पाला बांधला, वरून बांबूच्या कामट्या. एकविसाव्या दिवशी सोडलं तेव्हा हाड जुळलेलं होतं, हो, चांगलं पक्कं जुळलं होतं. फक्त वाकडं. आता कुलपात किल्ली फिरवायची वेळ आली की ते डावा हात पुढे करतात, आणि कुणी बघत नाहीये ना हे आधी पाहून घेतात.

मोडलेलं हाड बहुधा जुळतंच, ते त्याचं कामच आहे. मोडल्या जागी रक्त साकळतं, मग तिथे कूर्चा तयार होते, तिचं पुढे हाड होतं. वरून कांडवेल बांधा नाहीतर जुनं पायपुसणं. टोकं समोरासमोर आणणं आणि ती हलू न देणं, एवढंच माणसाच्या हातात असतं. ते जमलं की श्रेय पाल्याला. नाही जमलं की म्हणे पेशंटने पथ्य पाळलं नाही!

माळरान
तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण एका अडाण्यामुळे सगळ्या हाडवैदांना झोडपणं बरोबर नाही. नऊ वर्षांचा असताना झाडावरून पडून माझं गळपट्टीचं हाड मोडलं. हाडवैदानेच बांधलं. आज त्याच खांद्यावर पोती उचलतो. आंध्रातल्या पुत्तूरला परराज्यांतून लोक हाडं बांधून घ्यायला जातात, ते सगळे मूर्ख का?

आणि कांडवेलीला पायपुसण्याच्या पंक्तीत बसवण्याआधी थोडं वाचा. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा यांनी १९६० च्या दशकात कांडवेल आणि हाड भरणं यावर काम केलंय. ॲस्पिरिनचं मूळही विलो झाडाच्या सालीतच आहे. तेव्हा कुणी पायपुसणं म्हटलं नाही.

मी स्वतः दोन आठवड्यांपूर्वी गाडीवरून घसरलो, तळहातावर आपटलो. आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप चालू आहे. सूज उतरली. अंगठ्याकडे थोडं ठणकतं, तेही जाईल.

उंबरठा
उडुपांचे बरेच प्रयोग प्राण्यांवरचे होते. शिवाय त्या प्राण्यांना कुणी हिसका देऊन ‘बसवलं’ नव्हतं. विलोच्या सालीचं म्हणाल तर १८९७ साली बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत हॉफमनने शुद्ध रसायन बनवलं, तेव्हा मात्रा मोजता यायला लागली. माझं म्हणणं तेच आहे: मोजा. युरोपात कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीला लोक हाडजोडीच म्हणायचे. त्यातले अल्कलॉइड यकृताला घातक निघाले आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पोटात घ्यायची कॉम्फ्री बाजारातून काढायला सांगितली.

तिसरी_घंटा
मी फिजिओ आहे, त्यामुळे निकाल लागल्यानंतरच आमच्याकडे येतात. @माळरान, नऊ वर्षांच्या मुलाचं गळपट्टीचं हाड झोळीत हात अडकवून ठेवला तरी जुळतं. त्याचं प्रशस्तिपत्र कुणालाच देऊ नका, डॉक्टरलाही.

माझं भांडण पाल्याशी नाहीच. भांडण आवळण्याशी आणि चोळण्याशी आहे. सुजलेल्या हातावर कामट्या करकचून बांधल्या की आतला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये लिहून ठेवलंय, आजही तसेच आखडलेले पंजे घेऊन मुलं येतात. बोटं बधिर पडली, काळीनिळी झाली, कुणी नुसती सरळ केली तरी किंचाळण्याइतकं दुखलं, की आधी ते बंधन सोडा. मुहूर्त बघू नका. दुसरं, कोपराला मार लागला की घरातला प्रत्येक माणूस तेल घेऊन धावतो. चोळून चोळून स्नायूतच हाड तयार होतं, कोपर अडकतं ते अडकतंच. चोळू नका! हे मी रोज सांगते, आणि रोज कुणीतरी तेलकट कोपर घेऊन येतं.

चरकाचा_चुलत
बीएएमएस आहे, दोन्हीकडून मार खायची सवय आहे. ‘एकवीस दिवस’ कुठून आले हे त्या पोस्टवाल्याला विचारा. सुश्रुताने भग्नचिकित्सेत, म्हणजे मोडलेल्या हाडांच्या उपचारांत, लहान वयात एक महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट काळ सांगितलाय. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट झाला तर सूज, वेदना आणि पू, हेही तिथेच आहे. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधा म्हणतो. तुमचा तो हाडवैद एकवीस दिवस बघायलासुद्धा आला नाही. त्याचं खापर आयुर्वेदावर का?

कांडवेल पोटात मी देतो, प्लास्टर असतानाच देतो. कुणी कच्ची चावून घसा खाजवत येऊ नका, त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात.

कोपरखळी
अवांतर: मोडलेल्याचं कळलं. नुसतं मुरगळलं तर शेकायचं की बर्फ? घरात यावरून फाळणी झाली आहे.

माळरान
शेकायचं. निर्गुंडीचा पाला गरम करून. हजार वर्षं चाललंय.

तिसरी_घंटा
पहिले दोन दिवस बर्फ. ताज्या माराला शेक दिला की सूज वाढते. झाली चर्चा.

सरळमार्गी
झाली कशी? विश्रांती, बर्फ, दाब, उंच ठेवणं हे सूत्र ज्या अमेरिकन डॉ. मर्किननी १९७८ मध्ये रूढ केलं, त्यांनीच पुढे बर्फाबाबत माघार घेतली. सूज हा बरं होण्याचाच भाग आहे, बर्फाने ते लांबू शकतं, असं ते स्वतः म्हणाले. तुमचं विज्ञान चाळीस वर्षांत फिरलं, आमची आजी फिरली नाही.

तिसरी_घंटा
आजी फिरली नाही हा गुण आहे का? मर्किननी चूक उघडपणे कबूल केली. ‘निर्गुंडीबद्दल माझं चुकलं’ असं म्हणणारा एक तरी हाडवैद दाखवा.

सरळमार्गी
म्हणजे बर्फाबद्दल तुम्ही इतकी वर्षं पेशंटना चुकीचं सांगत होता, हे मान्य?

तिसरी_घंटा
दुखणं कमी करायला बर्फ उपयोगी आहे. लवकर बरं व्हायला उपयोगी आहे असं म्हणणार नाही. घ्या, केलं मान्य. पेढे वाटा.

कोपरखळी
मग मी करू काय?? सासूबाई गरम पाणी घेऊन उभ्या आहेत.

चरकाचा_चुलत
ताजी सूज असेल तर शेक नको, थंड लेप. जुनं आखडलेलं दुखणं असेल तर शेक. यासाठी मर्किनही लागत नाही आणि आजीही.

सरळमार्गी
आजी लागते.

गोधडी
सगळे बर्फात अडकलात म्हणून वेगळं सांगते. माझ्या आईची गुडघेदुखी एका ‘शंभर टक्के वनौषधी’ पुडीने आठ दिवसांत पळाली होती. वर्षभरात चेहरा गोल झाला, साखर चढली. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, पुड्या घेता का? त्यात स्टेरॉइड होतं. आमच्यासारखे आणखी कितीजण त्या पुड्या शेजाऱ्यांना वाटत फिरत असतील. मीही वाटल्या आहेत.

माळरान
ती भेसळ आहे, औषध नाही. त्याचा माझ्या लेपाशी काय संबंध? आणि उंबरठाताई, तुम्ही दवाखान्यात गेला असता तर मनगट सरळच जुळलं असतं याची हमी होती? प्लेट टाकूनही वाकडी राहिलेली माणसं आहेत आमच्याकडे.

उंबरठा
हमी नव्हती. पण निदान बांधायच्या आधी आणि बांधल्यावर हाड कुठे आहे हे कुणीतरी पाहिलं असतं. वाकडं दिसलं असतं तर पुन्हा बसवता आलं असतं. आम्ही तीन आठवडे पाल्याकडे बघत बसलो. आणि हो, त्यांना तिकडे नेणारी मीच होते, हे वर लिहिलं नाही. आता लिहिलं.

माळरान
…ठीक. एक्सरे काढायला माझी हरकत कधीच नव्हती. गरज असेल तर.

तिसरी_घंटा
@माळरान, भांडण बाजूला ठेवा. तळहातावर पडलात, अंगठ्याकडे ठणकतंय, दोन आठवडे झाले. अंगठा वर ताणा, त्याच्या मुळाशी मनगटावर दोन शिरांमध्ये खड्डा पडतो. तिथे दाबून बघा. खाली एक छोटं हाड असतं, त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा. मोडलं तर सूज उतरते आणि हाड तसंच राहतं. पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसतही नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो.

सरळमार्गी
घाबरवू नका त्यांना.

माळरान
दाबलं. दुखतंय.