‘एकच प्याला’: सुधाकराच्या अधःपाताला जबाबदार कोण?

जुनीपोथी
आमच्या वाचनकट्ट्यावर राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचे पाचही अंक मोठ्याने वाचून झाले आणि त्यानंतर जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. बहुतेकांनी सारा दोष नायक सुधाकराला दारूकडे नेणाऱ्या तळीरामावर टाकला. मराठी भाषेनेही हाच निकाल दिलेला दिसतो, कारण ३१ डिसेंबरच्या बातम्यांत पिणाऱ्यांना आजही ‘तळीराम’ म्हटले जाते, ‘सुधाकर’ मात्र कोणालाच म्हटले जात नाही. मला हा निकाल अपुरा वाटतो. सुधाकर बुद्धिमान वकील आहे, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला आहे आणि पत्नी सिंधूवर त्याचे मनापासून प्रेम आहे. न्यायालयात झालेला अपमान आणि काही काळासाठी गेलेली वकिलीची सनद एवढ्यावरून असा माणूस पत्नीच्या व मुलाच्या मृत्यूपर्यंत कसा जातो? तळीरामाने प्याला पुढे केला हे खरे, पण तो घेण्यासाठी पुढे आलेला हात कोणाचा होता, हा माझा प्रश्न आहे.

मुक्काम_मिरज
हात सुधाकराचाच होता आणि तो अभिमानाने पुढे आला, असे माझे मत आहे. सनद ठरावीक मुदतीसाठी गेली होती; दुसरा एखादा वकील तेवढे दिवस खाली मान घालून काढता. परंतु ज्याने आयुष्यभर कोणाचे उपकार घेतले नाहीत, त्याला चारचौघांत आपण लहान ठरलो ही गोष्ट एक रात्रही सोसवत नाही. ज्या स्वाभिमानाने त्याला वर आणले, त्यानेच त्याला खाली ओढले. त्याचा गुण आणि त्याचा दोष वेगवेगळे काढून दाखवता येत नाहीत, आणि म्हणूनच मी त्याला शोकांतिकेचा नायक मानतो, केवळ व्यसनी पात्र मानत नाही. तळीरामाला हा अभिमान निर्माण करता आला नसता. तो आधीपासून होता, तळीरामाने फक्त दुखरी जागा ओळखली.
चौथा अंक पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. तेथे सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामासाठी लोकांचे उंबरठे झिजवतो, सर्वत्र झिडकारला जातो आणि मग परत प्याल्याकडे वळतो. पहिल्या वेळी त्याला परिणाम ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. या वेळी त्याला सर्व ठाऊक आहे.

पारिजात
वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्याशी मी तीव्रपणे असहमत आहे. माझ्या सख्ख्या काकांना सर्व ठाऊक होते. दारूने यकृताचे काय होते हे ते आम्हा मुलांना समजावून सांगत आणि त्याच संध्याकाळी पीत. परिणाम ठाऊक असणे आणि थांबता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यसनी माणसाच्या घरात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मला तर चौथ्या अंकात सुधाकराचा अपराध दिसत नाही, त्याच्या तोंडावर बंद होणारी दारे दिसतात. पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते १९८६ साली, आणि हे नाटक आहे १९१९ सालचे. त्या काळी दारू सोडू पाहणाऱ्यासमोर निश्चय आणि शपथ यांपलीकडे फारसे काही नव्हते, आणि शपथ मोडली की तो माणूस कायमचा नालायक ठरत असे. सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्याला ज्यांनी काम नाकारले, ती प्रतिष्ठित मंडळी या वादात कशी सुटतात, हे मला समजत नाही. तळीराम निदान उघडपणे दारूचा प्रचारक आहे.
अर्थात आजार म्हटले की सर्व क्षम्य होते, असे मला म्हणायचे नाही. मुलाचा जीव गेला त्याला तोच जबाबदार आहे. पण चौथ्या अंकातला सुधाकर आणि पाचव्या अंकातला सुधाकर यांना एकाच मापाने मोजू नये.

ओसरी
चर्चेत सिंधूचे नाव फारसे आले नाही, म्हणून लिहिते. अलीकडे काही जण म्हणतात की तिने वेळीच माहेर गाठले असते तर सुधाकर शुद्धीवर आला असता, म्हणजे दोष तिच्या सहनशीलतेचा. हे मला अन्यायकारक वाटते. जात्यावर दळण दळून घर चालवणाऱ्या स्त्रीला तिच्या मारेकऱ्याच्या पतनासाठी जबाबदार धरणे ही तिची दुसरी शिक्षा ठरेल. परंतु ज्या पतिव्रताधर्माने तिला अखेरच्या क्षणीही नवऱ्यावर आळ येऊ दिला नाही, त्याला मात्र मी जाब विचारते, कारण त्या धर्माने सुधाकराला घराच्या आत एकदाही अडवले नाही. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता नवऱ्याविषयी परखड बोलते, म्हणजे असे बोलणे गडकऱ्यांना सुचत नव्हते असे नाही. नायिकेच्या तोंडी ते त्यांनी दिले नाही. गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले तेव्हा सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. प्रेक्षक सिंधूसाठी इतके रडले की सुधाकराचा हिशेब मागायचा राहूनच गेला, अशी माझी समजूत आहे.

जुनीपोथी
सर्वांचे आभार. चौथ्या अंकाविषयी पारिजात यांचे म्हणणे मला पटले आणि तेथे सुधाकराला दोष देणे मी थांबवतो. पहिल्या अंकाविषयी मात्र माझे मत कायम आहे. तोपर्यंत दारूने त्याचा ताबा घेतलेला नाही, दार कोणी बंद केलेले नाही, सिंधूचे सोसणे सुरू झालेले नाही; एक दुखावलेला माणूस आहे आणि समोर प्याला आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि पहिला प्रयोग त्यानंतर झाला, त्यामुळे नाटककाराला तो क्षण रंगभूमीवर पाहता आला नाही. ज्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे: प्याला घेण्यापूर्वी सुधाकर किती वेळ थांबतो, आणि त्या वेळी तो तळीरामाकडे पाहतो की दुसरीकडे?