"तासाभराचा तर प्रश्न आहे" म्हणणाऱ्यांना: दहाव्याला न बसलेल्या मुलाचं उत्तर

गंगापूररोडकर

दोन दिवस नाशिकच्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. सांगणं असं: नास्तिक असाल तर असा, पण बाप गेल्यावर गोदावरीवरच्या रामकुंडावर तासभर बसून पिंड ठेवायला तुमचं काय जातं? चळवळीतल्यांना आईच्या दुःखापेक्षा तत्त्व प्यारं, म्हणून घरं तुटतात. खाली 'अगदी बरोबर'ची रांग.

काय जातं ते सांगतो. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. त्यांनी आयुष्यभर देवाला हात जोडले नाहीत आणि जोडणाऱ्याला कधी हटकलं नाही. माझ्यामागे दहावं-तेरावं नको, हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. तो कागद मी भावकीसमोर ठेवला. थोरले काका म्हणाले, "माणूस जिवंतपणी काहीही लिहितो." मी बसलो नाही. चुलतभावाला बसवलं. त्यानंतर भाचीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव नव्हतं, आणि गावच्या जमिनीच्या बोलण्यात "तू तर काही मानत नाहीस" हे माझ्याविरुद्धचं कारण झालं. तासाभराचा प्रश्न असता तर तासाभरात मिटला असता.

त्या कागदाचा मान ठेवायला भावकीला काय पडलं असतं? "ते मानत नव्हते, तर राहू दे" असं म्हणणारं एक घर मला दाखवा. जुळवून घ्यायचं ते नेहमी न मानणाऱ्यानंच. इंडोनेशियात 2012 साली अलेक्झांडर आन नावाच्या सरकारी नोकराला फेसबुकवरच्या नास्तिक मजकुरावरून अडीच वर्षं तुरुंगवास झाला. आपल्याकडे सरकार तसं करत नाही. धार्मिक विधीशिवाय लग्न करता यावं म्हणून 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, घटनेच्या 51क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. पण बारसं, लग्न, मयत या तीन जागी सरकार नसतं. तिथे भावकी असते आणि माणसाला तिथेच गाठलं जातं.

पंचवटीतला

मीही मानत नाही, आणि मी बसलो. आमच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. आई उन्हात उभी, नजर पिंडावरून हलत नव्हती. शिवला तेव्हा ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "गेले समाधानानं." तिला त्यावेळी शास्त्र शिकवायचं होतं का? तो विधी मेलेल्यासाठी नसतो हो, मागे राहिलेल्यांसाठी असतो. चौथ्या दिवशी भाषण देणारा मुलगा आईला काय कामाचा?

आणि पुरोगामी म्हणून नाशिकचा वारसा सांगता, तर दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांनी केलेला काळाराम सत्याग्रह आठवा. 2 मार्च 1930 ला हजारो माणसं आली ती देव नाकारायला नाही, देवापर्यंत पोचायला आली होती.

देवळालीगाव

काळाराम काढलात म्हणून लिहितोय, नाहीतर गप्प होतो. बाबासाहेबांनी 3 मार्च 1934 ला त्या सत्याग्रहातले त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहिलं आहे. दलितांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी ही चळवळ सुरू केली नाही, समाजाला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केली, असा त्याचा स्पष्ट आशय आहे. त्यानंतर 13 ऑक्टोबर 1935 ला इथून जवळच येवल्यात 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर केलं ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. आणि 1956 च्या बौद्ध धर्मांतरावेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी सरळ प्रतिज्ञा आहे. आमच्या घरात आजोबांपासून कुणी रामकुंडावर बसलेलं नाही. आमच्या आज्या, आया दुःखात कोसळल्या नाहीत. बुद्धवंदना होते, शोकसभा होते, माणसं जेवायला घरी थांबतात. आईचं समाधान पिंडावरच अडतं हे कुणी ठरवलं?

पंचवटीतला

पत्राचं ठीक, मानलं. पण तुमच्याकडे अख्खा समाज एकदम बाहेर पडला. आमच्याकडे एकटा मुलगा बाहेर पडतो आणि आई आत राहते. दोन्हींत फरक आहे की नाही?

जुन्या_नाशकातला

सगळी अक्कल हिंदूंच्याच दहाव्यावर. दर्ग्यावर जाऊन बोला एकदा. अंनिसनं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, कायदा आणला तोही आमचे सणवार बंद करायलाच.

गंगापूररोडकर

कायदा वाचला आहे का? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातच लिहिलंय की पूजा, यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो लागू नाही. तो नरबळीवर आहे, अघोरी उपचारांवर आहे, भूत उतरवायला मारहाण करणाऱ्यांवर आहे. तो व्हावा म्हणून वर्षानुवर्षं खपलेल्या अंनिसच्या नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या. 2024 मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

आणि 'फक्त हिंदू' म्हणता? मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1966 साली सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला, 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 1977 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार दफन नाही, दहन झालं. दाभोलकरांच्या मुलाचं नाव हमीद आहे ते याच दलवाईंवरून. ढाक्यात 2015 च्या पुस्तक मेळ्यातून बाहेर पडताना अविजित रॉय या नास्तिक लेखकाला कोयत्यानं तोडलं. कोइमतूरला 2017 मध्ये फारूक नावाच्या नास्तिक कार्यकर्त्याला मारलं. मारणाऱ्यांचा धर्म वेगळा, मरणाऱ्यांचं म्हणणं एकच. ही माणसं आपापल्या घराविरुद्ध बोलली. मीही माझ्याच घरात बोलतोय, दुसऱ्याच्या दारात नाही.

जुन्या_नाशकातला

दलवाईंचं दहन झालं हे माहीत नव्हतं. तरीही असे किती निघाले?

सिडकोतली

तुम्ही सगळे पुरुष पिंड कुणी ठेवायचा यावर भांडताय. त्याच वेळी घरात बाईच्या बांगड्या फुटत असतात, कुंकू पुसलं जात असतं, जोडवी काढली जात असतात. माझे सासरे गेले तेव्हा सासूबाईंसाठी मी मध्ये पडले. चुलतसासू ओरडल्या, "उद्या तुझ्यावर वेळ आली की कळेल." मी हात सोडला नाही. त्यांच्या मंगळसूत्राला कुणी हात लावला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंदीचा ठराव केला, मग सरकारनं परिपत्रक काढलं. नाशिकच्या किती घरांत ते पोचलं? गंगापूररोडकर, तुम्ही बसला नाहीत ते तुमचं तत्त्व. आईच्या हातातल्या बांगड्यांचं काय झालं?

गंगापूररोडकर

घाटावर वाद वाढला तेव्हा मी तिथून निघालो. बांगड्या घरी काढल्या, आत्यांनी. आईनं स्वतः हात पुढे केला.

सिडकोतली

स्वतः? दहा बायका गोल करून बसल्यावर कुणी हात पुढे करतं त्याला 'स्वतः' म्हणत नाहीत. तुम्ही निघून गेलात म्हणजे तिला त्यांच्या ताब्यात देऊन गेलात. न मानणाऱ्यानं घरातच थांबायला हवं, शेवटच्या माणसापर्यंत. नाहीतर तुमचा नास्तिकपणा पुरुषाचा हट्ट ठरतो.

गंगापूररोडकर

मी थांबलो असतो तर मारामारी झाली असती. ज्यांनी वडिलांचा कागद पायाखाली घातला त्यांचा जाब आधी मागा ना. दरवेळी नाही म्हणणाऱ्यालाच उभं का करायचं?

सिडकोतली

कारण त्यांच्याकडून मला अपेक्षाच नाही. तुमच्याकडून आहे.

आडगावनाका

विषय भलतीकडे चाललाय. मला विचाराल तर देहदान करा, दहाव्याचा वादच राहत नाही. आणि ती राख गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, जायची तरी थांबेल. गोदावरी वाचवायची असेल तर…

मखमलाबाद

गोदावरीचं नंतर. देहदानानं वाद राहत नाही हे कुणी सांगितलं? सासऱ्यांनी फॉर्म भरला होता, कार्ड खिशात होतं. रात्री गेले. मेव्हण्यानं सांगितलं, सकाळी पाहुणे आले की ठरवू. सकाळी पाहुण्यांनी ठरवलं: अमरधाम, म्हणजे स्मशान. माझी बायको एकटी रडून सांगत होती की त्यांची इच्छा वेगळी होती.

फॉर्म भरला म्हणजे देह आपोआप कॉलेजला पोचत नाही. गेल्यावर नातेवाइकांनी कळवायचं, संमती द्यायची, डॉक्टरचा मृत्यूचा दाखला जोडायचा. अपघात, शवविच्छेदन, काही संसर्गजन्य आजार असले तर देह घेत नाहीत. नेत्रदान करायचं तर डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या. घरातला एक माणूस जरी आडवा आला तरी रात्र निघून जाते. म्हणजे शेवटी तीच भावकी.

आडगावनाका

मग इच्छापत्र नोंदवून ठेवावं.

मखमलाबाद

इच्छापत्र उघडेपर्यंत माणूस जळून गेलेला असतो. घरातल्या दोघांना जिवंतपणी तयार करावं लागतं, आणि त्यातली एक घरातली बाई असावी. सिडकोतली म्हणतात ते मला तिथे पटतं.

गंगापूररोडकर

हे वडिलांनाही सांगायला हवं होतं कुणीतरी. त्यांना वाटलं कागद पुरेसा आहे.

जुन्या_नाशकातला

देहदान चांगलंच आहे, त्याला कुणाचा विरोध? दधीचींनी हाडं दिलीच होती. पण त्याआड विधी बंद करायचा डाव नको.

देवळालीगाव

डाव कसला? ज्याला करायचा त्यानं करावा. ज्यानं नको म्हणून लिहून ठेवलं त्याच्यावर करू नये. एवढं साधं मान्य करायला पुराण कशाला लागतं?

पंचवटीतला

फॉर्म कुठे मिळतो तेवढं सांगा. आणि आधीच सांगून ठेवतो, आईचा देह कॉलेजला दिला तरी दहावं मी गंगेवर करणार. दर्भाचा पुतळा करून करतात, गुरुजींना विचारलंय.

मखमलाबाद

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यात तुमच्या बहिणीची घ्या.

गंगापूररोडकर

आणि दहाव्याचं आईला विचारलंत का, की तेही तुम्हीच ठरवलं?

पंचवटीतला

विचारलं. तिला दोन्ही हवंय.