चवथीआधी डक्ट साफ करून घ्यायचे का?

प्रेषक: पर्वरी
विषय: चवथीआधी डक्ट साफ करून घ्यायचे का?

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी लिस्टवर लिहितेय. मस्कतहून परत येऊन आम्ही पर्वरीला घर बांधलं तेव्हा ह्यांचा हट्ट होता की तिकडच्यासारखा सेंट्रल एसी हवा, भिंतीवर डबे नकोत, म्हणून हॉल आणि दोन बेडरूमना डक्टेबल बसवला (मशीन एकच, गार हवा पत्र्याच्या बोगद्यांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्यांत येते), सगळं फॉल्स सीलिंगच्या वर लपलेलं. दिसायला छान. आता चवथीला लेक-जावई नातीला घेऊन येतायत, नातीला दम्याचा त्रास आहे, आणि नेमका गेल्या आठवड्यात एका डक्ट क्लीनिंगवाल्यांचा फोन. म्हणे डक्ट दर दोन वर्षांनी साफ करावेच लागतात, नाही तर घरात दमा होतो, वर फॉगिंग, म्हणजे आत औषधाचा धूर, पण करून देतो म्हणे जंतू मारायला. व्हॉट्सॲपवर काळ्याकुट्ट डक्टचा फोटो पाठवला, तो कुणाच्या घरचा देव जाणे.

एरवी मी फोन ठेवून दिला असता पण आमच्या हॉलमधल्या दोन डिफ्युझरच्या (सीलिंगमधली हवा सोडणारी जाळी) कडा खरंच काळ्या पडल्यात आणि सकाळी एसी चालू केला की पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो, ओल्या पायपुसण्यासारखा. मग जातो. समोर रस्त्याला उड्डाणपुलाचं काम, धूळ तर विचारू नका.

कुणी करून घेतलंय का? खरंच लागतं का हे?

—

प्रेषक: म्हापसा

ताई करून टाका, विचार कसला करायचा, हॉटेलवाले करतातच की नियमित. नातीच्या तब्येतीपुढे पैसे काय बघायचे.

—

प्रेषक: ताळगाव

आमच्याकडे पण आला होता तोच फोन!! मी म्हटलं बाबा आमच्याकडे तीन स्प्लिट आहेत, डक्ट कुठून आणू, तर म्हणतो मॅडम स्प्लिटचं पण डक्ट साफ करतो. त्याला म्हटलं ये आणि आधी दाखव मला कुठे आहे ते. आला नाही.

—

प्रेषक: फोंडा

ताई, नमस्कार. ताळगावच्या वहिनींनी निम्मं काम केलंच आहे. गोव्यातल्या बहुतेक घरांत डक्ट नसतातच, स्प्लिट असतो, त्याला फिल्टर धुवा, वर्षातून एकदा कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी), ब्लोअर (आतला पंखा) आणि पाण्याचा ट्रे धुवून घ्या, संपलं. पण तुमचं घर त्यातलं नाही म्हणून सविस्तर लिहितो, जन्म गेला ह्याच धंद्यात.

> डक्ट दर दोन वर्षांनी साफ करावेच लागतात

घरांसाठी असा काही नियम नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, 1997 साली घरमालकांसाठी ह्याच प्रश्नावर पुस्तिका काढली, त्यात स्पष्ट म्हटलंय की डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे कधी सिद्ध झालेलं नाही आणि साफसफाई कॅलेंडर बघून नाही तर गरज बघून करावी. गरज केव्हा, तर डक्टच्या आत किंवा मशीनच्या भागांवर डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल तेव्हा, उंदीर-झुरळांनी आत संसार थाटलाय अशा खुणा असतील तेव्हा, किंवा धूळ-कचरा इतका साचला असेल की ग्रीलमधून कण खोलीत उडतायत. बाकी आत थोडी धूळ सगळ्यांच्याच असते, पत्र्याला चिकटून बसलेली असते, ती सहसा कुणाच्या नाकात जात नाही. हॉटेलची गोष्ट वेगळी हो, तिथे चोवीस तास चालू आणि शेकडो माणसं.

आता तुमच्या काळ्या कडा. ह्यावरूनच लोकांना घाबरवतात आणि नव्वद टक्के वेळा त्याचा डक्टच्या आतल्या घाणीशी संबंध नसतो (नव्वद हा माझा अंदाज, पुस्तकातला आकडा नव्हे). पावसाळ्यात आपल्याकडे हवा 27 डिग्री आणि दमटपणा 85 टक्के धरा, तर जी वस्तू 24 डिग्रीपेक्षा गार होईल तिला घाम सुटणार. डिफ्युझरमधून हवा येते 13-14 ची. म्हणजे त्या ॲल्युमिनियमच्या कडेला बाहेरून पाणी धरतं, विशेषतः हॉलचं दार सारखं उघडझाप होत असेल तर, त्या ओल्यावर खोलीतली धूळ बसते, धुळीवर बुरशी. सगळं बाहेरच्या बाजूला. बघायची रीत सोपी आहे, फडक्याने कड पुसा, मग डिफ्युझरचा मधला भाग खाली ओढून काढा (बहुतेकांचा स्प्रिंगवर निघतो), मोबाईलचा टॉर्च लावून हात वर करून व्हिडिओ काढा. आतला पत्रा चकचकीत किंवा नुसता मळकट दिसला तर डक्ट ठीक आहे. काळे-हिरवे ठिपके, लोकरीसारखी वाढ, लेंड्या, धुळीचे पुंजके लोंबतायत असं दिसलं तर मला व्हिडिओ पाठवा.

आणि वास. पाच मिनिटं येऊन जाणारा वास डक्टचा नसतो, कॉइलचा असतो. रात्री बंद केलेल्या मशीनमध्ये कॉइल ओली राहते, ट्रेमध्ये पाणी उभं राहतं, शेवाळ धरतं, सकाळी पंखा फिरला की ती हवा पहिली तुमच्यावर. डक्ट कितीही चकाचक करा, तो वास तिसऱ्या दिवशी परत येणार. मेस्त्रीला सांगून मशीनचं पॅनल उघडा आणि ट्रे बघा. ड्रेन पाइपला उतार आहे का, यू-ट्रॅप (पाइपाचा यू आकाराचा वळसा, त्यात पाणी राहून हवा अडते) आहे का ते बघा. डक्टेबलमध्ये पंखा कॉइलमधून हवा ओढतो, त्या ओढीमुळे ट्रॅप नसला की पाणी बाहेर जायचं सोडून आतच थबकतं, आणि कुणी शहाण्याने तो पाइप बाथरूमच्या लायनीला जोडला असेल तर गटाराची हवा सरळ हॉलमध्ये. हे मी फोंड्यात दोन बंगल्यांत बघितलंय, दोन्ही ठिकाणी आधी डक्ट साफ करून झाले होते.

अजून एक बघाच. रिटर्नला, म्हणजे खोलीतून मशीनकडे परतणाऱ्या हवेला, डक्ट आहे का? इकडचे कंत्राटदार पैसे वाचवायला सप्लायला पत्र्याचा डक्ट घालतात आणि परतीच्या हवेला काहीच नाही, ग्रील ठेवतात आणि अख्खं फॉल्स सीलिंग हाच रिटर्न. म्हणजे सुताराचा भुसा, जिप्समची पूड, पालींची घाण, वायरमनने टाकलेले तुकडे, सगळ्यावरून फिरून हवा मशीनमध्ये येते. असं असेल तर डक्टवाला आत ब्रश फिरवून गेला काय आणि न गेला काय, साफ करायचं आहे ते सीलिंग.

घरात आता पडद्यासारखी धूळ रिटर्न ग्रीलवर दिसली तर घाबरू नका, ती तिथे यायचीच, व्हॅक्यूमने ओढून घ्या.

—

प्रेषक: टोरांटो

काकांना शंभर टक्के अनुमोदन. इकडे कॅनडात डक्ट क्लीनिंगचे फोन म्हणजे रोजची कटकट झालीय, जेवायला बसलं की वाजलाच. सगळ्या घराचे डक्ट नव्व्याण्णव डॉलरमध्ये म्हणतात, आत आले की म्हणतात बुरशी सापडली, आता इतके हजार. ईपीएने एका सिस्टिमचा खर्चच साडेचारशे ते हजार डॉलर दिलाय, मग नव्व्याण्णवमध्ये काय होणार, दोन ग्रीलवर व्हॅक्यूम फिरवून पळतात.

फक्त एक फरक, आमच्याकडे घर तापवायला फर्नेस असते, गॅसवर चालणारी, म्हणून थंडीच्या आधी दरवर्षी ती तपासून घ्यायचीच, कार्बन मोनॉक्साइडची भीती असते. लोक त्याचा आणि डक्ट क्लीनिंगचा घोळ घालतात. तसंच कपड्याच्या ड्रायरचा पाइप, तो मात्र नियमित साफ करावाच लागतो, त्यात लिंट, म्हणजे कपड्यांचे तंतू, साचून आगी लागतात. तुमच्याकडे दोन्ही नाही तेव्हा इकडचे नातेवाईक सांगतील ते तसंच्या तसं लावू नका :)

ताई, नातीला घेऊन येणाऱ्यांना सांगा पहिल्या दिवशी एसीच्या झोताखाली झोपवू नका, बाकी मजा करा.

—

प्रेषक: आसगाव

मधेच घुसतोय. आमचं घर जून ते ऑगस्ट बंदच असतं, आम्ही बहारीनला. गेल्या वर्षी येऊन उघडलं तर कपाटातले बूटसुद्धा हिरवे, आणि ज्या फ्लेक्झिबल पाइपने डिफ्युझर जोडलेत तिथे आत हात घातला तर बोटं काळी. आमचं काय? केअरटेकरला सांगतो रोज अर्धा तास एसी लावत जा.

—

प्रेषक: पर्वरी

काका, देव बरें करूं. ह्यांनी शिडी लावून सगळं बघितलं, मेस्त्रीलाही बोलावलं. डिफ्युझरच्या आत पत्रा स्वच्छ आहे, थोडी लाल धूळ, बस. पण मशीन उघडलं आणि ट्रेमध्ये जेली!! बोटभर जाड. ट्रॅप नाहीच. आणि बेडरूमकडे जाणाऱ्या डक्टला बाहेरून जे काळं रबर गुंडाळलंय ते एका जोडाला फाटलंय, तिथून पाणी टपकून सीलिंगवर डाग, आम्ही समजत होतो वरून गच्ची गळते. रिटर्न तुम्ही म्हणालात तसाच, अख्खं सीलिंग. वर कोपऱ्यात पालींची अंडी आणि घाण, उंदीर नाही देवाच्या कृपेने.

आता फॉगिंगचं सांगा, फोनवाला परत परत म्हणतोय जंतूंसाठी तेवढं तरी करा.

—

प्रेषक: फोंडा

> तेवढं तरी करा

तेवढं तर मुळीच करू नका. दम्याच्या पोरीच्या खोलीत औषधाचा धूर कशाला हवाय. शिवाय मेलेली बुरशी पण तिथेच राहते, त्रास द्यायचा तो देतेच, आणि पाणी टपकत राहिलं तर जिवंत परत येते. डक्टच्या आत ग्लासवूलचं अस्तर असेल तर ईपीए म्हणते त्यावर मारायला एकही औषध त्यांच्याकडे नोंदलेलं नाही, आणि ते अस्तर ओलं होऊन बुरसलं असेल तर साफ होतच नाही, काढून नवं घालायचं. तुमचं रबर बाहेरून आहे, आत नुसता पत्रा, म्हणजे नशीब चांगलं.

तुमच्याकडे कामाचा क्रम असा धरा. आधी ट्रे आणि कॉइल धुवून घ्या, ब्लोअरची पाती सुटी करून धुवा, ती कुणी धुवत नाही. ड्रेनला ट्रॅप आणि उतार. फाटक्या जोडावर नवीन रबर, टेप लावून हवाबंद, नुसतं गुंडाळून नाही. मग सीलिंगचं झाकण उघडून वरची घाण व्हॅक्यूमने काढा, झाडूने नको, आणि जिथून पाली येतात ती वायरींची भोकं बुजवा. रिटर्नला पुढेमागे डक्ट घालून घ्या, एकदाच खर्च. हे झाल्यावर डक्ट क्लीनिंगचं कारणच उरत नाही, निदान आत्ता नाही.

पंख्याचं सेटिंग ऑटोवर ठेवा, सतत ऑन नको. कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरत राहिला की कॉइलवरचं पाणी परत खोलीत जातं. बाजारात छोटं दमटपणा मोजायचं मीटर मिळतं ते हॉलमध्ये ठेवा, साठच्या खाली राहिला पाहिजे. तापमान 18 वर टाकून बसू नका, 25 ठेवलंत तर कडांना घामही कमी. फिल्टर चांगला लावायचा असेल तर मेस्त्रीला विचारून, दाट फिल्टर बसवला आणि पंख्याला जोर नसला तर हवाच कमी होते आणि कॉइलवर बर्फ धरतो.

आसगावकर, तुमचं वेगळं. फ्लेक्झिबल पाइप आतून घासताना फाटतो, त्यात बुरशी असेल तर तेवढे तुकडे बदला, स्वस्त पडतात. पत्र्याच्या मुख्य डक्टमध्ये पण वाढ दिसत असेल तर मात्र माणूस बोलवावा असं तुमचं घर आहे. बोलवाल तेव्हा बघा की तो सगळी ग्रील बंद करून डक्टला मोठा व्हॅक्यूम जोडतो का, म्हणजे आतली हवा बाहेर ओढली जाते आणि मग ब्रश चालवतात, सुटलेली घाण खोलीत येत नाही. नुसता ब्रश घेऊन येणारा धूळ सुटी करून ठेवतो आणि पहिल्या दिवशी एसी लावलात की ती तुमच्या गादीवर. अमेरिकेत ह्या धंद्याची संघटना आहे, नॅड्का, 1989 सालची, त्यांचंही म्हणणं की डक्ट एकटा नाही तर कॉइल, ट्रे, ब्लोअर अख्खी सिस्टिम साफ झाली पाहिजे. आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ तुमच्याच घराचा मागा, पैसे नंतर.

केअरटेकरचा अर्धा तास उपयोगाचा नाही, उलट वाईट. अर्ध्या तासात कॉइल ओली होते आणि मग दिवसभर तशीच बंद घरात. लावायचाच तर दोन-तीन तास ड्राय मोडवर, दारं-खिडक्या घट्ट बंद. आणि ट्रे मे महिन्यात धुवून, कोरडा करूनच घर बंद करा.

ज्यांच्याकडे नुकतंच टाइल कापणं, पॉलिश, जिप्सम घासणं असलं काम एसी चालू ठेवून झालं असेल, त्यांनी मात्र डक्ट एकदा बघून घ्यावेत, ती पूड भयंकर असते.

—

प्रेषक: म्हापसा

काका तुम्ही हॉटेलवाल्यांच्या पोटावर पाय देताय :D आमच्या किचनच्या चिमणीचा पाइप पण डक्टच ना, त्याचं काय?

—

प्रेषक: फोंडा

तो मात्र साफ कराच, त्यात तेल असतं, आग लागते. बांगडे किती तळता त्यावर ठरवा.

—

प्रेषक: पर्वरी

मेस्त्री सोमवारी ट्रॅप आणि रबरचं काम करतोय, कॉइल मंगळवारी. फोनवाल्याला ह्यांनी सांगितलं की आतला व्हिडिओ आम्ही काढलाय, पाठवू का, त्यानंतर फोन नाही. मेस्त्री चांगला आहे, कामाचा. आसगावकर, हवा असेल तर नंबर टाकते इथे.

—

प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक

कृपया कुणाचेही फोन नंबर लिस्टवर टाकू नका, एकमेकांना वैयक्तिक मेल करा. आणि उत्तर देताना खालचा सगळा मेल परत चिकटवू नका, डायजेस्ट वाचणाऱ्यांना त्रास होतो.