घरचा ग्रुप : वहिनी व्हिएतनामला जेवली काय?

आत्या, पवनी : सकाळपासून फोटो पाहून राहिले बाई. होडी, डोंगर, कंदील, सगळं मस्त. पण वहिनी जेवली काय, ते एकाही फोटोत नाही. माळ हाय तिच्या गळ्यात. तिकडं त म्हणे भाजीतही मासोळीचं पाणी टाकतेत.

आतेभाऊ, नागपूर : मामीनं मॅगीची पाकिटं नेली असतीन.

मी : नाही रे. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यातली अर्धी परत आली. आत्या, आई पोटभर जेवली. मासोळीच्या पाण्याचं तुम्ही म्हणता ते मात्र खरं आहे. मासोळी मिठात आंबवून तिचा रस काढतात. भाजी, चटणी, रस्सा, सगळ्यात मिठाच्या जागी तोच पडतो. म्हणून नुसतं 'मटण नको, चिकन नको' सांगून भागत नाही. 'चाय' म्हणायचं, म्हणजे त्यांना समजते की मासोळीचा रसही नको. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला शाकाहार पाळतात, त्यामुळं चायची हॉटेलं गल्लीबोळात आहेत. पाहुण्यांसाठी काढलेली नाहीत, तिथलीच माणसं जेवायला येतात. त्या दोन दिवशी त बसायला जागा मिळत नाही.

आत्या, पवनी : म्हणजे आपल्या एकादशीसारखंच. पण ताटात काय होतं?

मी : भात. टमाट्याच्या रश्शात टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. तलावातली नाळीची भाजी परतलेली. सोबत हिरव्या पाल्याची टोपलीच आणून ठेवतात. पुदिना, सांबार म्हणजे कोथिंबीर, तुळशीच्या जातीचा एक पाला, आणखी दोन-तीन मला ओळखू आले नाहीत. आईनं एकेक पान तोडून, वास घेऊन खाल्लं.

काका, यवतमाळ : हे सारं ठीक. पण म्हातारं माणूस सोबत असलं त टूरवाल्यासोबतच जावं. आम्ही थायलंडला गेलो तवा आचारी सोबत होता. सकाळी पोहे, रात्री पोळी-पनीर. कोणाचं पोट बिघडलं नाही.

मी : काका, शुगरचं पथ्य असलं, गुडघे दुखत असले, चालवत नसलं त टूर बरा, हे मी मानते. पण एवढं विमानाचं भाडं भरून तिथंही पनीरच खायचं, हे मला पटत नाही. हनोईच्या जुन्या बाजारात एका सकाळी काय झालं ते सांगते. फुटपाथवर एक बाई बसली होती. उकळत्या पाण्याच्या गंजावर तिनं फडकं ताणून बांधलं होतं. त्यावर तांदळाचं पातळ पीठ पळीच्या बुडानं गोल फिरवायची, झाकण ठेवायची, आणि दहा-पंधरा श्वास होत नाहीत तोच झाकण काढून बांबूच्या चपट्या काडीनं ते अख्खं अलगद उचलायची. इतकं पातळ की मागची काडी दिसे. आत एरवी डुकराचा खिमा घालतात, आमच्यासाठी तिनं नुसते मशरूम घातले आणि मासोळीच्या चटणीऐवजी सोयाबीनचा सॉस दिला. आई तिच्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसून पाहतच राहिली. मंग मला म्हणते, "तांदळाच्या धिरड्यासारखे आपले आयतेच आहेत हे, फक्त तव्याबिगर."

आणि काका, खरं सांगू? ती बाई एकेक गरम काढून वाढत होती आणि आई बसून खात होती. आपल्या घरी आई कधी गरम आयता खाते? सगळ्यांचं झाल्यावर गार झालेला शेवटचा. मला त तिथंच रडू आलं. टूरच्या बसमध्ये बसवून तिला हॉटेलातल्या हॉटेलात फिरवलं असतं त ही सकाळ मिळाली नसती.

मोठी आई : बरं केलं पोरी तिले नेलं. तिनं आयुष्यभर दुसऱ्यालेच वाढलं.

मोठे बाबा : धान कसे हायत तिकडचे? रोवणी हातानं का मशीननं?

मी : मोठे बाबा, तुमचाच प्रश्न येईल हे माहीत होतं. आम्ही मे अखेरीस गेलो, म्हणून रोवणी पाहायला मिळाली नाही, धान पिकून पिवळे झाले होते. उत्तरेकडं वर्षाला दोन पिकं घेतात. मेच्या शेवटी-जूनमध्ये एक कापतात, दुसरं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. हनोईहून शंभरेक किलोमीटरवर निन्ह बिन्ह आहे, तिथं ताम कोक नावाच्या जागी नदीतून नावेनं फिरवतात. दोन्ही बाजूंनी चुनखडीचे उभे डोंगर आणि पाण्याला लागूनच धानाच्या बांध्या. नदी तीन ठिकाणी डोंगराच्या पोटातून जाते, तिथं मान खाली घालावी लागते. आमची नाववाली बाई पाठ टेकून बसली आणि दोन्ही पायांनी वल्हं मारत होती! हात मोकळे, त्यात तिची छत्री. नाव अशी वाकली की धानाच्या लोंब्या हाताला लागाव्या. आईनं एक लोंबी हातात धरून दाणे दाबून पाहिले, म्हणाली चार-आठ दिवसांत कापायला येतात. येताना पाहिलं त रस्त्याच्या कडेला डांबरावर धान वाळत घातलेले.

मोठे बाबा : ते आपल्याकडं बी करतेत. पण दोन पिकं म्हणजे पाणी पाह्यजे. आपल्या इथं उन्हाळी धान कालव्याखालीच. तलावाच्या भरवशावर एकच.

मी : तिकडं नदीचा गाळाचा प्रदेश आहे, पाटाचं पाणी बांधीत फिरवतात. आणि त्या धानाच्या पाण्यातूनच बाहुल्यांचं नाटक निघालं म्हणतात. हनोईत त्याचं थिएटर आहे. स्टेज म्हणजे पाण्याचं टाकं. बाहुल्या नाचवणारे बांबूच्या पडद्यामागं कमरेभर पाण्यात उभे असतात. लांब दांड्या पाण्याखालून, त्यामुळं दिसत कोणीच नाही. रोवणी, म्हशी, ड्रॅगन, सगळं पाण्यावर.

मोठे बाबा : रातभर चालते का?

मी : पाऊण तास. तुम्हाला झाडीपट्टीच्या रातभरच्या नाटकांची सवय, तुम्हाला कमीच वाटेल.

आत्या, पवनी : देवदर्शन काही?

मी : हो ना, तेच सांगायचं राहिलं. मध्य व्हिएतनाममध्ये होई आन गावापासून साधारण ४० किलोमीटरवर मीसन आहे. तिथं महादेवाची विटांची देवळं आहेत. चंपा नावाचं राज्य होतं, त्यांचे राजे महादेवाचे भक्त. ४ थ्या शतकात भद्रवर्मन राजानं भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, पुढं १३ व्या शतकापर्यंत बांधकाम चालूच होतं. शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बनं बरीच देवळं पडली, खड्डे अजून दिसतात. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथं जाऊन डागडुजी केली, आणि २०२० मध्ये काम चालू असतानाच ९ व्या शतकातलं एका दगडाचं शिवलिंग सापडलं. विटा अशा घट्ट बसवल्या आहेत की सांध्यात चुनाच दिसत नाही, मी नख घालून पाहिलं. आईनं चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. पूजाअर्चा आता होत नाही तिथं. सकाळी लवकरच जा, दहानंतर ऊन सहन होत नाही. फाटकापासून बॅटरीची गाडी मिळते.

आतेभाऊ, नागपूर : ताई, कॉफीचं सांग. अंड्याची कॉफी खरंच असते का?

मी : असते. १९४६ मध्ये हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा हॉटेलातल्या एका बारटेंडरनं दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक फेटून कॉफीवर घातला. आता आटवलेलं गोड दूधही फेटतात त्यात. अंड्याचा वास येत नाही. आईनं अर्थातच नारळाची घेतली. कॉफी पिकवण्यात ब्राझीलच्या खालोखाल त्यांचाच नंबर, आणि मुख्य पीक रोबस्टा, म्हणून कडक लागते. संध्याकाळी प्याल त झोप गेली समजा. उसाचा रस मात्र कुठंही प्या, त्यात बारीक संत्र्यासारखं आंबट फळ पिळतात. मला आपल्या लिंबापेक्षा आवडला.

आतेभाऊ, नागपूर : खर्च?

मी : विमानाचं जे लागेल ते लागेल, खाण्याचा खर्च काही वाटत नाही. एका रुपयाचे जवळपास तीनशे डोंग होतात, त्यामुळं चहापाण्याचं बिलही हजारांत येते, घाबरू नका. एक मात्र सांभाळा : वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट, दोन्ही निळ्या. अंधारात पटकन कळत नाही. पाच लाखाची वेगळ्या कप्प्यात ठेवा. आम्ही इथून हावड्याची गाडी धरली आणि कोलकात्याहून थेट हनोईचं विमान घेतलं. मुंबईला उलटं जायची गरज नाही.

काका, यवतमाळ : व्हिसा?

मी : घरी बसून ई-व्हिसा निघतो, काका. एकदा जाण्यासाठी २५ डॉलर. सरकारी साइटवरूनच भरा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइटवाले जास्त घेतात. निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर पाहिजे.

काका, यवतमाळ : मी टूरच्या बाजूनंच आहे. पण आयत्याची ती जागा मले पाठवून ठेव.

मी : पाठवते. फक्त सकाळी लवकर जा, नऊनंतर तिचं पीठ संपते.

आत्या, पवनी : माझा त पासपोर्टच नाही. यावर्षी रोवणी झाली की काढतो. आधारवर माझं नाव एक हाय, मतदान कार्डावर दुसरं.

मी : मंग आत्या, आधी ते नाव एक करून घ्या. जन्मतारीखही तपासा. दोन्ही कार्डांचे फोटो मला इथं नाही, वेगळे पाठवा. मी पाहून फॉर्म भरते.