पाच प्रश्नांत गाव पास!

मांजराकाठ
परवा एका साहेबांची पोस्ट वाचली. ‘आमच्या पोरांनी गावात डब्ल्यूएचओ-५ भरून घेतली. बहुतेक जण ५० च्या वर. मराठवाड्याचं रडगाणं आता पुरे.’ डब्ल्यूएचओ-५ म्हणजे मन किती बरं आहे ते शंभरपैकी मार्कांत सांगणारी पाच प्रश्नांची प्रश्नावली. दोन दिवस गप्प बसलो. पण ते गाव माझं आहे आणि त्या ‘बहुतेक’मध्ये माझे वडील आहेत, म्हणून लिहितोय.

पोरगं घरी आलं तेव्हा मी ओसरीवरच होतो. चांगलं होतं बिचारं, चहासुद्धा नको म्हणालं. मोबाइलवर फॉर्म. गेल्या दोन आठवड्यांत आनंदी वाटलं का? अण्णा म्हणाले, ‘बरंय.’ त्यानं ४ दाबलं. शांत, निवांत वाटलं का? ‘बरंय की.’ परत ४. पाचवा प्रश्न होता ‘माझं दैनंदिन जीवन मला रस असलेल्या गोष्टींनी भरलेलं आहे’. अण्णा माझ्याकडं बघायले. पोरानं तिथंही ४ दाबून टाकलं. पाच चोक वीस, आणि शंभरपैकी करायला वीस चोक ऐंशी. बापाला मनाच्या परीक्षेत ८० मार्क. मला दहावीला ६२ होते.

या माणसाचं सोयाबीन २०२५ च्या सप्टेंबरात पाण्यात सडलं. तेव्हापासून रात्री दोनला उठून ओसरीवर बसतात. आमच्याकडं ‘बरंय’चा अर्थ ‘पुढं विचारू नको’ एवढाच. बैल गेला त्या दिवशीही बरंयच म्हणाले होते.

आणि दिवस कुठला निवडला? वेळ अमावस्येनंतरचा तिसरा. घरात पुण्याचे पाहुणे, शेतात कडब्याची खोप, भज्जी, आंबील. त्या पंधरवड्यात लातूर-धाराशिवकडं कुणालाही विचारा, आनंदच सांगंल. जूनमध्ये पेरून आभाळाकडं बघत बसलेल्या माणसाला विचारायला या म्हणावं.

आकडेमोड
मानसशास्त्र शिकवतो, म्हणून राहवलं नाही. तुमची तक्रार पोराबद्दल आहे, प्रश्नावलीबद्दल नाही. १९९८ पासून ही पाच वाक्यं जगभर वापरात आहेत. उत्तरं ० ते ५ अशी, ‘कधीच नाही’पासून ‘सगळा वेळ’पर्यंत, आणि ती माणसानं स्वतः निवडायची असतात. ‘बरंय’चं भाषांतर ४ करणारा मुलगा सदऱ्यावरून काखेत थर्मामीटर लावतोय. ताप कळला नाही म्हणून थर्मामीटर फोडायचा का?

दुसरं, ५० ही पास-नापासाची रेघ नाही. कमी आले तर त्या माणसाची पुढं नीट तपासणी करा, एवढाच तिचा अर्थ. जास्त आले म्हणजे निरोगीपणाचं सर्टिफिकेट मिळालं असं होत नाही. पोस्टवाले साहेब चुकले, कबूल. पण एका घराच्या अनुभवावरून साधनच बाद ठरवणं हीसुद्धा तीच चूक, फक्त उलट्या बाजूनं. पुष्कळ लोकांना विचारलं की एकेकाची चूकभूल आपोआप भरून निघते.

मांजराकाठ
सर, चूकभूल दोन्हीकडं झाली तर भरून निघंल. इथं सगळं गावच ‘बरंय’ म्हणतं. सगळ्यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढं असलं तर सरासरी काढून एसटी गावणार आहे का?

आकडेमोड
घड्याळाचा मुद्दा चांगला आहे. वर्गात वापरीन, श्रेय देणार नाही.

रातपाळीची_लाईट
मला ते चार नंबरचं सांगा. ‘झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटलं’. आमच्याकडं थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी दोन वाजता हरभऱ्यात दारं धरायलो असतोय, पाय गारठलेले, बॅटरी दातात. तवा विचारलं तं शून्य. दिवसाच्या आठवड्यात विचारलं तं पाच. मन तेच, माणूस तोच. हे मनाचं मोजमाप हाय का लाईटीच्या टाइमटेबलचं?

गुरुजी_निवृत्त
मन मोजता येत नाही. विषय संपला. आमच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ काढला, खडी फोडली, सुकडी खाल्ली, कुणी विचारलं नाही ‘ताजंतवानं वाटतंय का’. आणि एक सांगतो, या सगळ्या फॉर्मांचं ओझं शेवटी शिक्षकावर येतं. जनगणना शिक्षकानं करायची, मतदार याद्या शिक्षकानं, खिचडीचा तांदूळ शिक्षकानं मोजायचा. उद्या मन मोजायलाही शिक्षकच लागेल. आनंदाच्या त्या जागतिक यादीत २०२५ साली भारत ११८ वा आणि पाकिस्तान १०९ वा! यावरूनच ओळखा काय मोजतात ते.

आकडेमोड
गुरुजी, ती यादी वेगळी. तिथं एकच प्रश्न असतो: शिडीच्या ० ते १० पायऱ्यांपैकी तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात? तो आपल्या आयुष्याला दिलेला गुण झाला. ही पाच वाक्यं गेल्या पंधरवड्यातल्या मनःस्थितीची. आणि ७२ साली कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला त्रास झाला नाही, असं असतं होय?

गुरुजी_निवृत्त
झाला. पण मिरवला नाही.

आशाताई_बीड
गुरुजी, फॉर्मचं ओझं कुणावर येतं ते आम्हाला विचारा. तुम्हाला पेन्शन तरी आहे.

तीस वर्षांवरच्या माणसांचा सी-बॅक, म्हणजे सरकारी आरोग्य तपासणीचा फॉर्म आम्ही घरोघरी जाऊन भरतो. बीपी, शुगर, तंबाखू, आणि शेवटाकडं मनाचे दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटली नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. ऊसतोडीवरून आलेल्या एका बाईला विचारलं तेव्हा शेजारी नवरा, दारात सासू. ‘नाही. नाही.’ झालं, दोन शून्य. पण बाई पदराशी चाळा करीत होती. दुसऱ्या दिवशी हापशावर गाठ पडली तर म्हणाली, ‘ताई, काळजात धडधड होती, अन्नावर वासना नाही, लेकरू रडलं तरी उठावं वाटत नाही.’ जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले. आज बरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, बघा, फॉर्म खोटा ठरला. ठरलाच. पण ते दोन प्रश्न फॉर्मात नसते तर मी बीपी लिहून पुढच्या घरी गेले असते. पदराकडं बघितलंच नसतं.

मांजराकाठ
ताई, हे पटलं. पण तुम्ही पदर बघितला, पोरानं मोबाइल बघितला.

लातूरकर_आई
माझी मुलगी नीटच्या क्लासला होती. तिथं ‘तणाव तपासणी’ झाली. छापील फॉर्म, वर नाव, रोल नंबर, बॅच. गोळा करणार कोण, तर बॅचचे इन्चार्ज सर. पोरीनं सगळीकडं उत्तम-उत्तम लिहिलं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, ‘आई, कमी लिहिलं की पप्पांना फोन जातो आणि बॅच बदलतात.’ क्लासच्या जाहिरातीत मात्र ‘आमचे विद्यार्थी तणावमुक्त’. त्या वर्षी ती केस उपटायची झोपेत. मला कुठल्या फॉर्मानं नाही सांगितलं, उशीनं सांगितलं.

आकडेमोड
ताई, नाव लिहिलेला आणि साहेबांनी गोळा केलेला कागद प्रश्नावली नसतोच, हजेरी असते. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं.

रातपाळीची_लाईट
उलटं बी व्हतंय की. गळ्यात आयकार्ड घालून आलं की लोकांना वाटतंय अनुदानाची यादी हाय. मंग समद्यांना उदास वाटतंय, म्हशीला बी. पंचनाम्यात दोन एकराचे चार झालेले मी बघितलेत.

आकडेमोड
पाच वाक्यं अपुरी वाटत असतील तर मानसशास्त्रज्ञ कॅरोल रिफ यांची प्रश्नावली घ्या. १९८९ ला त्यांनी म्हटलं की नुसती मौज म्हणजे स्वास्थ्य नव्हे, आणि सहा बाजू मांडल्या: स्वतःचा स्वीकार, नाती, स्वायत्तता, परिस्थितीवर पकड, जगण्याचा हेतू, वाढ. त्यात ४२ प्रश्नांची आवृत्तीही आहे.

रातपाळीची_लाईट
४२? तवर मोटार जळंल माझी.

लातूरकर_आई
आणि स्वायत्तता म्हणजे काय, तर इतरांचं मत वेगळं असलं तरी मी माझ्या मतावर ठाम. माझ्या सासूबाईंना यात कमीत कमी मार्क पडले असते. घरातल्या चौघांना विचारल्याशिवाय त्या भाजीसुद्धा घेत नसत, आणि गल्लीतली सगळ्यात समाधानी बाई तीच होती.

जुनं_नांदेड
सगळी गडबड भाषेची आहे. ‘रस’ काय, ‘दैनंदिन जीवन’ काय! ही वाक्यं सदाशिव पेठेत बसून मराठीत आणली की असंच होणार. आपला सरळ शब्द आहे: करमत नाही. ‘गेल्या पंधरा दिवसांत करमलं का?’ विचारा, माणूस घडाघडा बोलतो.

आशाताई_बीड
करमत नाही म्हणजे एकटं-एकटं वाटतंय. नवी नवरी सासरी गेली की तिला करमत नाही. तो आजार नाही. आमच्याकडं खरा शब्द ‘घोर’. जिवाला घोर लागलाय.

जुनं_नांदेड
घोर कशाचा तरी लागतो, लेकीच्या लग्नाचा, कर्जाचा. कारण गेलं की घोर गेला. करमत नाही याला कारण नसतं, तीच तर खरी खूण.

लातूरकर_आई
आमच्याकडं ‘मन उडालं’ म्हणतात.

जुनं_नांदेड
मन प्रपंचातून उडतं. वारकऱ्याचंही उडतं. त्याला गोळ्या देणार का?
आणि माझ्या आजीला यातला एकही शब्द कळला नसता. ती म्हणायची, ‘जी घबराता, बेटा.’ तिच्यासाठी दखनी फॉर्म कोण काढणार? निजाम गेला १९४८ ला, पण आमच्या गल्लीची भाषा अजून कुठल्या फॉर्मात आली नाही.

आकडेमोड
हे काम झालंय, भाऊ, फक्त इथं नाही. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात झिम्बाब्वेत लोकांच्याच तोंडच्या शब्दांतून तिथल्या शोना भाषेत १४ प्रश्नांची प्रश्नावली केली. तिथं ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडं ‘इचार करू करू डोकं फुटायलंय’ म्हणतात तेच. म्हणजे उपाय प्रश्नावली फेकणं नाही, आपली प्रश्नावली करणं.

जुनं_नांदेड
मग करा की! विद्यापीठात बसून कुणाची वाट बघताय? पुण्यात राहून मराठवाड्यावर पेपर लिहिणारे पुष्कळ बघितले.

आकडेमोड
मी परभणीचा आहे. वसमत रोडला घर आहे, येऊन नळाला पाणी कधी येतं ते बघून जा. मग ‘करमणं’ शिकवा.

गुरुजी_निवृत्त
भांडू नका. ‘करमत नाही’ बरोबर. आमची ही गेल्यापासून मला करमत नाही. घोर वगैरे काही नाही. दुपारी चारला चहाची वेळ झाली की घर खायला उठतं.

आशाताई_बीड
गुरुजी, किती दिवस झाले?

गुरुजी_निवृत्त
दिवस काय मोजता, दोन वर्षं झाली. मोजता येत नाही असं मीच वर लिहिलंय, माहीत आहे. हसा.

आशाताई_बीड
हसत नाही. १४४१६ लिहून ठेवा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि चारच्या चहाला शेजारच्या कुणाला तरी हाक मारत जा.

गुरुजी_निवृत्त
शेजारचा मतदार यादीत माझं नाव चुकवणारा माणूस आहे. बघू.

मांजराकाठ
काल रात्री अण्णा ओसरीवर आले तेव्हा मीही जाऊन बसलो. मोबाइल घरात ठेवला. ते पाच प्रश्न आपल्या बोलीत, मध्ये मध्ये गप्पा मारत विचारले. पहिल्या तिन्हीला ‘बरंय’च. मी म्हटलं, बरंय चालणार नाही, रोज, कधीकधी, का कधीच नाही, ते सांगा. बराच वेळ तंबाखू मळत राहिले. चौथ्यावर म्हणाले, ‘झोपेचं लिहू नको. तुझ्या आईला कळंल.’

आकडेमोड सर, तुमचा थर्मामीटर चालतो म्हणायचं. सदरा काढायला पाच महिने लागले, एवढंच.

आकडेमोड
बेरीज किती आली?

मांजराकाठ
नाही केली.

आशाताई_बीड
त्यांना घेऊन जा. मनाच्या डॉक्टरकडं म्हणू नका, झोपेचं औषध आणायला म्हणा, येतील.

आकडेमोड
आणि तिथं फॉर्म दिला तर त्यांच्या हातानं भरू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.

मांजराकाठ
आधी चष्मा शोधावा लागंल. सोयाबीन गेल्यापासून पेपर वाचणं बंद आहे त्यांचं, कुठं ठेवलाय कुणालाच माहीत नाही.