राज्यमार्गालगतच्या गावात वाहनांचा वेग: ग्रामसभेचा ठराव झाला, पुढे काय करावे?

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा

सर्वांना नमस्कार. आमचे गाव कृष्णाकाठी, उसाच्या पट्ट्यात असून गावाच्या मधोमध राज्यमार्ग जातो. दोन वर्षांपूर्वी या रस्त्याचे रुंदीकरण आणि डांबरीकरण झाले. त्याआधी खड्ड्यांमुळे का होईना, गावात शिरणारे वाहन हळू होत असे. आता वेशीपासून दूध संकलन केंद्रापर्यंत सरळ, गुळगुळीत पट्टा मिळाल्यामुळे मोटारी आणि दुचाक्या मोकळ्या माळावरून जाव्यात तशा जातात. रस्त्याच्या एका अंगाला जिल्हा परिषदेची शाळा व अंगणवाडी आहे आणि निम्मी वस्ती दुसऱ्या अंगाला, त्यामुळे मुलांना रस्ता ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची त्यात भर पडते. ट्रॅक्टर स्वतः सावकाश चालतात, परंतु त्यांना मागे टाकण्याच्या घाईत इतर वाहने नेमकी शाळेसमोरच उजव्या बाजूला येतात.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही शाळेसमोर आणि दूध केंद्राजवळ गतिरोधक बसवण्याची मागणी करणारा ठराव एकमताने केला. ठरावाची प्रत संबंधित कार्यालयाला दिली, पोच मिळाली, त्यानंतर काहीच कळले नाही. दिवाळी झाल्यावर काही तरुणांनी वर्गणी काढून एका रात्रीत सिमेंट-खडीचा उंचवटा स्वतःच घातला. त्याला ना रंग होता, ना अलीकडे फलक. चौथ्या रात्री शेजारच्या गावचे एक जोडपे दुचाकीवरून तेथे पडले आणि बाईंच्या खांद्याचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उंचवटा उखडण्यात आला. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत: एक म्हणतो, पोरांनी निदान काहीतरी केले, दुसरा म्हणतो, पोरांमुळे गाव अडचणीत आले. मासिक सभेतही हाच वाद होतो आणि बाकीचे विषय मागे पडतात.

माझे प्रश्न असे आहेत. ग्रामपंचायत स्वतःच्या निधीतून या रस्त्यावर गतिरोधक बांधू शकते का? ‘वेगमर्यादा २०’ असे फलक आम्ही लावले, तर त्यांना कायद्याचे बळ असेल का? आणि ग्रामसभेच्या ठरावाला जर कोणी उत्तरच देत नसेल, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तोच ठराव पुन्हा करण्याला काही अर्थ आहे का? यापूर्वी ज्यांनी असा पाठपुरावा केला असेल, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: निवृत्त शाखा अभियंता

आपल्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण त्यामागचे कारण समजून घेतल्यास पुढचा मार्ग सापडेल.

सर्वप्रथम रस्ता कोणाचा, हे कागदावर पाहावे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. गावातली अंतर्गत गल्ली आणि राज्यमार्ग यांवरील ग्रामपंचायतीचे अधिकार सारखे नसतात. जो रस्ता आपला नाही, त्यावर ग्रामनिधी खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुलीचा प्रश्न सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यावर येऊ शकतो. फलकाचेही तसेच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ नुसार वेगाची मर्यादा राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला अधिकारी राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतो आणि कलम ११६ नुसार तशी चिन्हे उभारली जातात. अधिसूचनेशिवाय उभारलेला ‘२०’ चा फलक ही केवळ विनंती ठरते. त्यावरून पोलिसांना दंड करता येत नाही.

आता गतिरोधकाविषयी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाचे माप दिलेले आहे: रस्त्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मध्यभागी उंची १० सेंटीमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने येणारे वाहन त्यावरून सुखरूप जावे, हा त्यामागचा हिशेब आहे. गावोगावी दिसणारा हातभर रुंदीचा, टोकदार उंचवटा याच्या अगदी उलट वागतो, कारण सावकाश जाणाऱ्यालाही तो हिसका देतो आणि बेसावध दुचाकीस्वाराला फेकून देतो. ही मार्गदर्शिका मूळ १९८८ ची असून २०१८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्या मूळ रूपातच गतिरोधक दुय्यम रस्त्यांसाठी मानलेले होते, म्हणजे मोठ्या रस्त्याला जेथे गावरस्ता मिळतो तेथे तो गावरस्त्यावर असावा, अशी कल्पना होती. आपल्या ठरावाला उत्तर न मिळण्याचे एक कारण हेही असू शकते. राज्यमार्गावर गतिरोधक बसवण्याचा निर्णय एकटा शाखा अभियंता घेत नाही. त्याने मनावर घेतले तरी तो प्रस्ताव वर जातो आणि ज्या प्रस्तावासोबत मोजमाप नाही, तो वर गेल्यावर तसाच पडून राहतो.

म्हणून माझी सूचना अशी की, ठरावात वस्तू मागू नये, अडचण मांडावी आणि तिचा पुरावा जोडावा. पुरावा गोळा करणे अवघड नाही. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा आणि मोबाईलवरील घड्याळाने वेळ मोजा. हे अंतर ६ सेकंदांत कापणारे वाहन ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असते, ३ सेकंदांत कापणारे ६० ने. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, बाजाराचा दिवस वगळून, शंभर तरी वाहने मोजा. अभियंते सरासरी पाहत नाहीत; ज्या वेगाच्या आत शंभरातली पंच्याऐंशी वाहने येतात तो वेग पाहतात. तुम्हीही तोच काढा. सोबत रस्त्याचा साधा नकाशा, शाळेचे फाटक, बसथांबा, वळण, झाडे आणि पोलीस ठाण्यात नोंद झालेल्या अपघातांची यादी द्या. आमच्या टेबलावर असे पत्र आले असते, तर ते बाजूला ठेवणे आम्हालाच जड गेले असते, हे प्रांजळपणे सांगतो.

उत्तर: माजी सरपंच, सातारा जिल्हा

अभियंता साहेबांनी लिहिलेले योग्यच आहे, मात्र पत्र कोणाला पाठवायचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आम्ही दीड वर्ष एकाच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. नंतर एका पोलीस अधिकाऱ्यांनी सांगितले, तेव्हा कळले की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते आणि पोलीस, परिवहन, बांधकाम ही सगळी खाती त्या एकाच टेबलाभोवती बसतात. आम्ही ठराव, शाळा व्यवस्थापन समितीचे पत्र आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या आयांच्या सह्या समितीकडे दिल्या. तिथून संयुक्त पाहणीचा आदेश निघाला आणि पाहणीला आलेल्यांनी जे सुचवले ते आमच्या मूळ मागणीपेक्षा वेगळे होते. त्यांनी शाळेच्या अलीकडे-पलीकडे पांढऱ्या जाड पट्ट्या, पुढे शाळा असल्याचे फलक, झेब्रा पट्टे सुचवले आणि वळणावरच्या बाभळी तोडायला सांगितल्या. बाभळी आम्ही त्याच आठवड्यात काढल्या. खरे सांगायचे तर निम्मा फरक तेवढ्यानेच पडला, कारण त्याआधी मूल रस्त्यावर येईपर्यंत वाहनचालकाला दिसतच नसे.

त्या जाड पट्ट्यांविषयी एक सावधगिरीची गोष्ट. रात्री ट्रक त्यांवरून गेले की खडखडाट होतो. आमच्याकडे पट्टीला लागून असलेल्या घरातल्या आजींनी महिनाभरात त्या काढण्यासाठी अर्ज केला आणि तो अर्ज रास्तच होता. त्यामुळे जागा ठरवताना जवळच्या घरांना आधी विचारावे.

ठराव पुन्हा करावा का, असे आपण विचारले आहे. जरूर करावा, पण त्याआधी महिला सभेत हा विषय घ्यावा. मुलांना शाळेत सोडणाऱ्या बायका ग्रामसभेत मागे बसतात आणि बोलत नाहीत. महिला सभेत त्या बोलतात. शिवाय गणपूर्तीकडे लक्ष द्यावे. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतील जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा घेतलेल्या सभेतील ठराव कायद्याने चालतो, परंतु समोरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला त्यातून गावाची निकड जाणवत नाही.

उत्तर: ऊस वाहतूकदार

आमच्याविषयी लिहिले आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर गतिरोधकावर चढवताना जोडाच्या पिनेवर किती ताण येतो, याची कल्पना बाहेरच्या माणसाला नसते. चढावर गतिरोधक आला तर पुढची चाके उचलतात. गावाला त्रास होतो हे मान्य, ट्रॉलीला मागे परावर्तक नसणे हाही आमचाच दोष आहे आणि ट्रॅक्टरवर लावल्या जाणाऱ्या गाण्यांच्या आवाजाबद्दल तर मी काही बोलतच नाही. तथापि शाळेसमोर आम्हाला थांबता किंवा बाजूला होता येत नाही, याचे कारण रस्त्याची साइडपट्टीच राहिलेली नाही. तिच्यावर टपऱ्या, वडापावच्या गाड्या आणि दूध घालायला आलेल्यांच्या दुचाक्या उभ्या असतात. रुंदीकरण झाले खरे, पण वाढलेली रुंदी गावाने लगेच व्यापून टाकली. हंगाम सुरू होण्यापूर्वी शाळेच्या वेळा कारखान्याच्या शेती विभागाला लेखी कळवल्या, तर त्या अर्ध्या तासात वाहने वेशीबाहेर थांबवणे शक्य आहे. आमच्या टोळ्यांनी हे एका गावात केलेले आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. टपऱ्यांचा मुद्दा वाचून मी थोडा वरमलो, कारण त्यांतील दोन टपऱ्या आमच्याच वॉर्डातल्या लोकांच्या आहेत आणि त्यांची नोंद नमुना नंबर ८ ला झालेली असल्यामुळे त्या अधिकृत आहेत, असे आम्ही आजवर समजत होतो. शिवाय दूध केंद्राच्या पुढे गावठाणाला लागून असलेल्या शेतांत नवे गाळे उठत आहेत आणि प्रत्येक गाळ्याचे तोंड थेट राज्यमार्गावर उघडते. याबाबत ग्रामपंचायतीला काही करता येते का?

उत्तर: वकील, महसूल व पंचायत प्रकरणे

नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि अतिक्रमण नियमित होत नाही, हे ग्रामपंचायतीने संबंधितांना लेखी कळवावे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार पंचायतीला आहे, आणि पंचायतीने तो वापरला नाही तर जिल्हाधिकारी ते काम करू शकतात. राज्यमार्गाच्या हद्दीत मात्र बांधकाम विभागाला सोबत घेऊनच कारवाई करावी; आधी हद्दीची मोजणी, मग नोटीस, मग पर्यायी जागा. हा क्रम चुकला तर प्रकरण न्यायालयात जाते आणि टपरी जागेवरच राहते.

गाळ्यांचा प्रश्न मला वेगापेक्षाही गंभीर वाटतो. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम ४२-ड आले. त्यानुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन, आवश्यक ते शुल्क भरल्यावर, अकृषिक वापरात रूपांतरित झाल्याचे मानले जाऊ लागले. लोकांची सोय झाली, परंतु ‘अकृषिक झाले म्हणजे बांधकामालाही मोकळीक मिळाली’ असा गैरसमज सर्वत्र पसरला. बांधकामाची परवानगी, रस्त्यापासून सोडायचे सामासिक अंतर आणि राज्यमार्गावरून आत येण्यासाठी लागणारा पोहोच मार्ग या तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. ग्रामपंचायतीकडे ना हरकत दाखला मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून या तिन्हींची कागदपत्रे पाहण्याचा ठराव आपण करू शकता. शक्य असल्यास चार-पाच गाळ्यांना मिळून मागच्या बाजूने एकच रस्ता काढावा आणि तो राज्यमार्गाला एकाच ठिकाणी मिळवावा. तो ग्रामीण रस्ता ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेता येतो आणि त्याच्या तोंडाशी गतिरोधकही घालता येतो, कारण तेथे वर अभियंता साहेबांनी सांगितलेली अडचण उरत नाही. निधीचा विचार करताना लक्षात ठेवावे की पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवलेली होती. रस्ता आणि पथदिवे यांचा विचार उरलेल्या ४० टक्के अबंधित रकमेतूनच करावा लागत असे.

उत्तर न देणाऱ्या कार्यालयासाठी माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज पुरेसा आहे: आमच्या अमुक दिनांकाच्या ठरावावर काय कार्यवाही झाली, टिपणीची प्रत द्यावी. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. तसेच मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या सुधारणेने कलम १९८-अ आले असून, रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात याचा नुसता उल्लेख करावा, धमकीचा सूर नसावा. तरुणांनी घातलेल्या उंचवट्याबाबत मात्र ग्रामपंचायतीने त्यांची बाजू घेऊ नये. जखमी बाईंच्या घरच्यांना भेटून यावे, ते केव्हाही बरे.

प्रश्नकर्ता

त्यांच्या घरी आम्ही काल जाऊन आलो. सरपंचताई आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबही सोबत होते, आणि ज्यांनी उंचवटा घातला त्यांपैकी दोघेजण आपणहून आले. वेग मोजण्याचे काम त्याच मुलांवर सोपवले आहे. येत्या सोमवारपासून सकाळी शाळेच्या वेळी ते शंभर वाहने मोजतील. दूध केंद्रासमोरच्या दुचाक्या मागच्या पटांगणात लावण्यास केंद्रचालक तयार झाले आहेत. गाळ्यांचा विषय मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.

उत्तर: निवृत्त शाखा अभियंता

मोजताना मुलांनी रस्त्यात उभे राहू नये आणि वाहनचालकांना दिसेल असेही बसू नये. हातात वही-मोबाईल घेतलेला घोळका दिसला की पोलीस आले असे समजून जो तो वेग कमी करतो आणि मग शंभरही नोंदी निरुपयोगी ठरतात. शाळेच्या कुंपणाआड किंवा झाडामागे दोघांनी बसावे. एकाने खूण ओलांडताना हाक द्यावी, दुसऱ्याने घड्याळ दाबावे. दुचाकी, मोटार आणि ट्रॅक्टर यांच्या नोंदी निरनिराळ्या रकान्यांत घ्याव्यात, नाहीतर ट्रॅक्टरांच्या मंद गतीमुळे आकडे खाली येतील आणि गावात सर्व काही ठीक आहे असा अहवाल तुमच्याच हातून तयार होईल.