जुनी कस्टम स्पोर्टफिशिंग बोट घेतोय, काय काय बघू?

खारावारा: मंडळी, आम्ही तिघं मित्र नॉर्थ कॅरोलायनात, मिळून एक ५४ फुटी बोट घ्यायचा विचार चाललाय. २००४ ची, इथल्याच वॅनचीझ गावात बांधलेली, कोल्ड मोल्डेड. मालक म्हणतो एकदम कडक आहे पण आत लाकूड म्हटल्यावर जरा धाकधूक होतेय.

मालवणी_गळ: लाकडाला घाबरू नका हो. कोल्ड मोल्डेड म्हणजे प्लायचे पातळ थर इपॉक्सीत चिकटवलेले असतात, वरून फायबरग्लास, पाणी शिरलं नाही तर वर्षानुवर्षं टिकतं. आणि गंमत म्हणजे खाऱ्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त कुजवतं, त्यामुळे तळापेक्षा वरच बघा, फायटिंग चेअरचा (मोठा मासा ओढताना बसायची खुर्ची) पाया, खिडक्यांच्या कडा, टॉवरचे (वर चढून मासे बघायचा उंच सांगाडा) पाय जिथे बोल्ट केलेत तिथे. सर्वेयर, म्हणजे घेण्याआधी बोट तपासणारा माणूस, हातोडीने ठोकतो तेव्हा शेजारी उभे राहा, बद्द आवाज आला की आत कुजलंय ते कळतंच.

डिझेलदादा: इंजिनाला वेगळा माणूस लावा, बोटीचा सांगाडा (हल) तपासणारा सर्वेयर ते नीट बघत नाही. ऑइलचे नमुने लॅबला द्या. सी ट्रायलला (घेण्याआधी समुद्रात चालवून बघतात तेव्हा) फुल थ्रॉटलवर कंपनीने दिलेले आरपीएम गाठतेय का ते बघा आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नको, थंड असताना सुरू करायला लावा, धूर तेव्हाच दिसतो. आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारे) साफसफाईला शेवटचे कधी उघडले त्याचं बिल मागा. आम्ही नाही मागितलं, पुढचा अख्खा सीझन बोट यार्डातच 😐

खारावारा: मालक म्हणतो सर्वेयर माझ्या ओळखीचा आहे, स्वस्तात करेल

मालवणी_गळ: अजिबात नको!! तुमचा तुम्ही शोधा.